उशिरा वाजणारी घंटा

पहिल्यांदा मी त्याला पाहिलं तेव्हा माझी एक चप्पल पायात होती आणि दुसरी हातात.

नाशिकच्या सीबीएस बसस्टँडपासून पळत आले होते. ऑगस्टचा पाऊस, वाऱ्यानं उलटी झालेली छत्री आणि ऐन रस्त्यात तुटलेला चपलेचा अंगठा… कशीबशी कॉलेजच्या पायऱ्यांपाशी पोचले आणि — ठण्ण! घंटा झाली. व्हरांड्याच्या टोकाला इतिहासाच्या पगार सरांनी वर्गाचं दार लावून घेतलं. सरांचा नियमच होता. घंटा झाली की दार बंद.

मी पायरीवरच बसले. ओढणी पिळत राहिले, उगाचच.

“परत वाजवू का?”

वर पाहिलं. पितळी घंटेखाली एक उंच, सावळा मुलगा उभा होता. हातात लाकडी हातोडा.

“काय?”

“घंटा. सरांना वाटंल, मघाशी चुकून वाजली. दार उघडतील. तेवढ्यात तुम्ही घुसा.”

रडू येत होतं, तरी हसले. “आणि मग तुमची नोकरी गेली तर?”

“नोकरी कसली! कमवा आणि शिका. अजून कमवलं पण नाय आन् शिकलो पण नाय.”

त्याचं नाव यादव. विंचूरचा. वडील तिथल्या कांदा मार्केटात हमाल. तो आमच्याच वर्गात होता, पण मागच्या बाकावर, आणि घंटा वाजवून झाल्यावर मागच्या दारानं यायचा, म्हणून मला कधी दिसलाच नव्हता.

‘कमवा आणि शिका’ ही सरकारी मदतीवर चालणारी योजना होती. गरिबाघरच्या मुलांनी रोज कॉलेजात थोडं काम करायचं, त्यातून फी आणि मेस सुटायची. विजेची घंटा बंद पडली होती, म्हणून यादवच्या हातात हातोडा आला. माझ्याकडे लायब्ररी. नव्या पुस्तकांना आतून तारखेची चिठ्ठी डकवायची, फाटक्या पुस्तकांना पुठ्ठा लावायचा. अट एकच होती, वर्गातली हजेरी भरलीच पाहिजे. मला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. घोटीच्या पुढं, डोंगराखाली आमचं गाव. तिथून चालत फाट्यावर यायचं, मग एसटी. एसटी आली तर आली. हजेरीवरून मला एकदा ताकीद मिळून झाली होती. पुन्हा मिळाली की काम बंद, आणि काम बंद म्हणजे कॉलेज बंद.

पण त्या दिवसानंतर एक गंमत झाली. मी कितीही धावतपळत येऊ दे, फाटकातून आत पाऊल टाकलं, व्हरांडा गाठला की मगच — ठण्ण! मला वाटलं, एसटी सुधारली. आठवडाभर मी त्या एसटीला मनातल्या मनात दुवा देत होते.

“हल्ली आपली घंटा उशिरा होते गं,” एकदा तृप्ती म्हणाली. ती नाशिकचीच, माझ्या शेजारी बसायची. “बरंच आहे म्हणा. माझा चहा होतो.”

माझ्या हातातलं पेन थांबलं. मागं वळून पाहिलं. यादव वहीत डोकं खुपसून बसला होता, पण कान… कान लाल झाले होते.

दुपारी तो लायब्ररीत आला. तसा तो आता रोजच यायचा. पुस्तक बदलायला म्हणून यायचा आणि माझ्यासमोर बसून चिठ्ठ्या डकवू लागायचा. डिंकाची बाटली आम्हा दोघांत एक.

“तुम्ही घंटा मुद्दाम उशिरा देता?” मी हळूच विचारलं.

“छे! हातोडा जड हाय. उचलायला वेळ लागतो.”

“यादव…”

“खरंच. लय जड.”

“माझ्यासाठी सगळं कॉलेज थांबवता?”

त्यानं चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. चिठ्ठी केव्हाच चिकटली होती.

“सगळं कॉलेज कुठं? मी एकटाच थांबतो,” तो म्हणाला. “बाकीचे आपोआप थांबतात.”

मी खाली बघितलं. त्या दिवशी एका पुस्तकाला मी दोन चिठ्ठ्या डकवल्या आणि दुसऱ्याला एकही नाही.

“असं करू नका पुन्हा,” मी म्हटलं.

“बरं,” तो म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

सप्टेंबरात मात्र घात झाला. वाटेत वाडीवऱ्ह्याला एसटी पंक्चर झाली. दुसरी गाडी भरून आलेली, कंडक्टरनं थांबवलीच नाही. शेवटी एका टेम्पोत, कोथिंबिरीच्या जुड्यांवर बसून मी नाशकात आले. आज काही होत नाही, हे मनाशी ठरवूनच फाटकातून आत शिरले, आणि पाय जागीच थिजले.

सगळं कॉलेज बाहेर होतं. व्हरांड्यात, पायऱ्यांवर मुलांचा नुसता कालवा. घड्याळं बघणारे, हसणारे. आणि घंटेखाली यादव, हातोडा घट्ट धरून, फाटकाकडे डोळे लावून. मी दिसले. त्याचा चेहरा असा काही उजळला… माझी अशी वाट आजवर कुणीच पाहिली नव्हती. घरच्यांनीसुद्धा. घरी वाट बघायला सवड कुणाला होती?

ठण्ण!

तो वळला, तर मागे उपप्राचार्या बच्छाव मॅडम उभ्या होत्या.

दुपारी लायब्ररीत तो आला नाही. तृप्तीच धावत आली. “अगं, यादवला योजनेतून काढतायत! का उशीर केला विचारलं, तर तोंडच उघडेना.”

मी डिंकाचे हात तसेच घेऊन ऑफिसात गेले. मॅडमच्या टेबलासमोर तो मान खाली घालून उभा होता. बाजूला खुर्चीत पगार सर.

“मॅडम, तो माझ्यासाठी थांबला होता,” मी एका दमात बोलले. “माझी गाडी उशिरा येते. हजेरी बुडाली तर माझं काम जाईल, म्हणून. काढायचं तर मला काढा.”

“तुला कोणी बोलावलं?” यादव माझ्यावर खेकसला. तुम्हीचं तू झालं होतं, त्याच्या ध्यानातही नव्हतं. “जा ना तू. मी मार्केटात पोती उचलीन, मला सवय हाय. तू काय करशील?”

“मी भात लावीन. मलापण सवय आहे!”

“भांडायचं असेल तर बाहेर,” मॅडम म्हणाल्या. मग पगार सरांकडे वळल्या. “सर, पहिला तास तुमचा. रोज उशीर होतोय हे तुम्हाला कळलं नाही?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “कळलं होतं. माझं घड्याळ चालू आहे. पण ही पोरगी वर्गात आल्यावर खिडकीबाहेर बघत नाही हो, फळ्याकडे बघते. मी म्हटलं, वाजू दे.”

मॅडमनी समोरचं हजेरीपुस्तक मिटलं. बाहेर पाऊस पडत होता.

“घंटा कुणा एकाची नसते,” शेवटी त्या म्हणाल्या. “उद्यापासून यादव बागेत काम करील. आणि चांगुणा, नाशकात तुझं कुणी नातेवाईक नाही?”

सातपूरला मावशी होती. लहान दोन खोल्या, पाच माणसं. तिनं मागेच बोलावलं होतं, मीच भिडेपोटी गेले नव्हते. त्या रविवारी मी माझी पेटी घेऊन मावशीकडे गेले. तिनं भांड्यांची फळी सरकवून माझ्या अंथरुणाला जागा केली आणि एवढंच म्हणाली, “लय उशीर केलास.”

यादव मात्र माझ्याशी बोलेना. बागेत पाणी घालताना मला बघून पाठ फिरवायचा. माझ्यापायी तू तुझं काम पणाला लावलंस, हा त्याचा राग. आणि हाच तर माझा! दोघांचं भांडण एकच, मिटवायचं कुणी?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे भाताची झोडणी चालू होती. खळ्यावर मी, आई आणि बाबा. पेंढ्याची कुसळं अंगाला टोचत होती. आणि बांधावरून एक माणूस येताना दिसला, खांद्यावर पोतं घेऊन. मी डोळे चोळले.

यादव!

त्यानं पोतं खाली ठेवलं. “कांदे,” तो धापा टाकत म्हणाला. “आमच्याकडं दुसरं काय असतं…”

बाबांनी हातातली पेंढी थांबवली. माझे बाबा मंगळू, फार कमी बोलणारा माणूस. “कोन हाय ह्यो?”

“मी… कॉलेजातला…” यादवची बोबडी वळली. “इकडं काम होतं… जवळच…”

आमच्या गावाच्या पुढं रस्ताच नाही. काम कसलं असणार? आईनं हसू लपवायला पदर तोंडाला लावला. त्याचं ते घामेजलेलं, घाबरलेलं तोंड बघितलं आणि माझी भीती कुठल्या कुठे गेली.

“बाबा, हा यादव. आमची जात एक नाही. पण मला आवडतो.”

बाबांनी पेंढी फळीवर आपटली. दाणे उडाले. पुन्हा आपटली.

“भात झोडता येतं का रं?”

“नाय. पन हमाली येते.”

“मंग ती पोती घरात नेऊन टाक.”

ऊन उतरेपर्यंत तो पोती वाहत होता. आईनं नागलीची भाकरी आणि त्याच्याच कांद्याचं कालवण वाढलं. जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, “आधी दोघांनी शिकायचं. तवर हा विषय ह्या घरात नाय.”

“आन् मग?” यादवनं विचारलं. केवढं धाडस!

बाबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. “मग बापाला घेऊन ये.”

मी त्याला बांधापर्यंत सोडायला गेले. लोंब्यांचा वास, पश्चिमेला डोंगरामागं तांबडं झालेलं आभाळ.

“बाबांना सांगितलंस,” तो म्हणाला, “मला का नाय आधी?”

“तू विचारलंस कधी?”

“आता विचारतो. आवडतो का?”

“सगळ्या खळ्यानं ऐकलं की.”

“मी पोत्यांच्या मागं होतो. नीट ऐकू नाय आलं…”

खोटारडा! मी त्याच्या केसात अडकलेली काडी काढली, आणि काढून झाल्यावरही हात मागे घेतला नाही.

आम्हा दोघांचा बी.ए.चा निकाल लागला त्याच आठवड्यात त्याचे वडील, कारभारीअण्णा, धुतलेला सदरा घालून आमच्या अंगणात येऊन बसले. बाबा घोंगडी अंथरायला स्वतः उठले.