पन्नास पेट्या आणि एक पेटी

"पन्नास पेटी गेली! मास्तरणीनं नेली!" मुकुल फणसे गॅलरीतून ओरडला, तेव्हा त्याच्या मुलीच्या शिकवणीला नुकत्याच आलेल्या वसुंधराबाईंना आधी हसूच आलं. जन्मभर पेटी शिकवली, पण घरात पेटी एकच. मग आठवलं, बाजारात लाखालाही पेटी म्हणतात. हसू कुठल्या कुठे पळालं.

मुकुलनं त्यांना मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. कबूल करा, नाहीतर संध्याकाळी पोलीस. खोलीला खिडकीसुद्धा नव्हती. खाली मल्हारगंजची चिंचोळी गल्ली माणसांनी भरली होती, आणि तिथल्या निम्म्या घरांत बाईंच्या शिकवण्या. पोलिसांपेक्षा त्यांना त्या गल्लीचीच धास्ती. नाव गेलं की शिकवण्या गेल्या, मग खायचं काय?

दुपारी कडी वाजली. मुकुलची बहीण रुची, बाईंची जुनी विद्यार्थिनी, खासगी गुप्तहेर शिखा जहागीरदारला घेऊन आली होती. सोबत मदतनीस अनीश, पुण्याहून नवा आलेला. माणूस भला, डोकं जरा सावकाश.

बाईंनी सांगितलं ते एवढंच, की काल मुकुलच्या मुलीची शिकवणी संपली आणि आपण आपली पेटी उचलून घरी गेलो.

रुचीनं सांगितलं, वडिलांचं दुकान विकलं त्याचेच हे पन्नास लाख, आणि त्यातला तिचा वाटा आज मिळायचा होता. पैसे डोळ्यांनी पाहिले का, असं शिखानं विचारलं. पाहिले नव्हते. दादा कपाटावर थाप मारून 'इथंच आहेत' म्हणायचा, तेवढंच.

मुकुलनं तोऱ्यात त्याच खोलीतलं कपाट उघडलं. आत पोळ्यांच्या डब्याएवढा चोरकप्पा.

"सगळे याच कप्प्यात होते?" शिखानं विचारलं.

"सगळे. दुसरीकडे एक गड्डी नाही."

"पाचशेच्या नोटा?"

"और क्या मॅडम? दोन हजाराच्या तर कधीच बंद झाल्या."

अनीश बाईंच्या कानाशी येऊन म्हणाला, की पेटीतल्या सुरांच्या पितळी पट्ट्या काढून आत नोटा भरता येतील. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शिखानं मुकुलच्या स्वतःच्या शेवेच्या दुकानातून सुट्ट्यांसाठी ठेवलेल्या दहाच्या कोऱ्या नोटांच्या दहा गड्ड्या मागवल्या. अनीशनं त्या कप्प्यात रचल्या. दहांतच कप्पा अर्धा भरला.

"पन्नास लाखांच्या पाचशेच्या किती गड्ड्या होतील, अनीश?"

तो बोटं मोजत बसला. "शंभर, ताई."

"आणि पाचशेची नोट दहाच्या नोटेहून मोठी. शंभर गड्ड्यांना प्रवासाची बॅग लागते, मुकुलजी. चोरीला जायला पैसे इथं मावतच नव्हते. रुचीनं ते पाहिले नाहीत, बाईंनी पाहिले नाहीत. होते म्हणणारा माणूस एकच, आणि आज बहिणीला पैसे द्यायचे होते तेही त्यालाच."

मुकुल पलंगावर बसला. दिवाळीआधीच सगळे सट्ट्यात गेले, म्हणाला. बहिणीला काय तोंड दाखवणार? उलटून बोलणार नाही असा चोर हवा होता. रुची भिंतीकडे तोंड करून रडू लागली.

"जा बाई तुम्ही," तो पुटपुटला. "दार उघडंच आहे."

बाई जागच्या हलल्या नाहीत. दार उघडं होतं, पण त्या दारातून खाली गल्लीत चोर म्हणूनच उतरायचं होतं.

"ज्या गॅलरीतून मला चोर केलंस, तिथूनच खरं सांग. तोवर मी इथंच."

मुकुल पाय ओढत गॅलरीत गेला. खाली गल्ली गप्प झाली. तो काहीतरी बोलला, ते खोलीतसुद्धा ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं," वसुंधराबाई म्हणाल्या. "पहिलाच सूर दबका लावू नये, हे तुझ्या मुलीलाही कळतं."