पाटी तिच्याकडे, पेन त्याच्याकडे

साहित्य देणाऱ्या काकांनी त्या दिवशी घोळच घातला. चित्रं काढायची डिजिटल पाटी दिली सेरवाला आणि तिचं पेन दिलं मागे उभ्या असलेल्या एबोला. वर खिडकी लावून काका जेवायला गेलेसुद्धा!

"पेन माझं आहे," सेरवा म्हणाली.

"पाटी माझी आहे," एबो म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली... आणि हसली.

कुमासी शहरातल्या त्या कॉलेजात ग्राफिक डिझाइनच्या सगळ्या वर्गाला मिळून अशा मोजक्याच पाट्या. मग काय, एका बाकावर दोघं! तिला वेण्या घालणाऱ्या दुकानाचा फलक करायचा होता, त्याला मासळीवालीचा. एबोच्या कल्पना झकास, पण रेघ? अडखळती, थरथरती.

"तुझा मासा आजारी आहे का रे?"

"केप कोस्टच्या किनाऱ्यावरचा आहे, माझ्यासारखा. कुमासीत करमत नाही त्याला."

"आणि तुला?"

"मला... आतापर्यंत नव्हतं करमत."

सेरवाने मान खाली घातली. कानातले डूल मात्र उगाच हलत राहिले.

एका धुळकट दुपारी ती तळलेली केळी घेऊन परत आली आणि दारातच थबकली. एबो डाव्या हाताने रेखाटत होता. एकाच झोकात मासा उसळी मारून वर आला! तिची चाहूल लागताच त्याने झटकन हात बदलला.

"लपवतोस काय?"

"आजी फटके द्यायची. डाव्या हाताने काही दिलं तरी लोकांना अपमान वाटतो. चारचौघांत चित्र काढायचं म्हणजे —"

"चित्र काय कुणाला वाढायचं असतं?"

तिने पाटीची बटणं डावखुऱ्यासाठी फिरवून दिली आणि त्याला आपल्या डावीकडे बसवलं. आता कोपराला कोपर लागेना. खांदे मात्र लागायला लागले... दोघांनीही तक्रार केली नाही.

परीक्षेत डोन्कोर मॅडम आणि सगळ्या वर्गासमोर रेखाटायचं होतं, मोठ्या पडद्यावर दिसेल असं. एबोने पेन उजव्या हातात धरलं. पहिलीच रेघ वाकडी गेली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्याने सेरवाकडे पाहिलं. तिने फक्त भुवई उंचावली — मग?

त्याने हात बदलला. वर्गात कुजबुज झाली.

"माफ करा मॅडम, डाव्या हाताने..."

"माफी त्या पहिल्या रेघेची माग," मॅडम म्हणाल्या. "फारच वाईट होती."

सगळे हसले, आणि त्या हशात एबोचा हात मोकळा झाला. पडद्यावर मासळीवाली उभी राहिली — डोक्यावर घमेलं, गालात हसू. कुजबुज विरून गेली.

सुटल्यावर फाटकापाशी त्याने सेरवाला गाठलं. समोर मिनीबसवाले हॉर्न वाजवत, ओरडून गिऱ्हाईक बोलावत होते.

"मासळीवाली कशी वाटली?"

"ओळखीची वाटली."

"कुणाचाही चेहरा काढायला घेतला तरी तुझाच होतो. काय करू?"

"सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर मासे ठेवलेस, आणि वर विचारतोस काय करू?"

"रागावलीस?"

"खूप!" ती हसू दाबत म्हणाली. "रविवारी चर्च सुटलं की घरी जेवायला ये. आई फुफू करते. तिलाच सांग, तिच्या लेकीला मासे विकायला बसवलंस ते."

"आणखी काय सांगू?"

"ते... आधी मला सांग ना."

एबो एक पाऊल जवळ आला. "तू मला आवडतेस, सेरवा. फार आवडतेस."

"काय? हॉर्नच्या आवाजात ऐकू नाही आलं."

तिला ऐकू तर पहिल्याच वेळी आलं होतं.