चौथा स्क्रू

बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय डुगडुगतो. लोकांच्या सायकली नीट करता करता घरचं सगळं तसंच राहिलं. आता हातही थकलेत, म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई भंगारातली सायकल घेऊन आल्या. जुनी क्रूझर. जाड टायर, रुंद हँडल, सांगाड्याच्या दोन नळ्यांच्या मधे पत्र्याची शोभेची टाकी, सीटखाली भल्यामोठ्या स्प्रिंगा. म्हणाल्या, "कुठल्या सालची ते सांगा आणि चालती करा. नात चालवणार आहे. आम्ही उतारावर राहतो, ब्रेक तेवढा नीट बघा."

अशी सायकल ओळखायची तर आधी उलटी करायची. पेडलच्या आसाखाली नंबर ठोकलेला असतो. तो गंजाने खाल्ला होता. मग रंग. वरून काळा, खरवडला तर हिरवा. खरा रंग सापडतो सीटच्या क्लिपखाली, तिथे कुणाचा ब्रश पोचत नाही. तिथे सायीसारखा पांढरट रंग निघाला. तो माझ्या ओळखीचा होता. सीटची दांडी उपसली. ती हलू नये म्हणून आत पत्र्याचा तुकडा कोंबलेला होता. पावडरच्या डब्याचा पत्रा, त्यावर अर्धा गुलाब. डबा माझ्या वहिनींचा, आणि पत्रा मी कापलेला.

सायकल दादाची होती. माझ्या थोरल्या भावाची.

या जातीच्या सायकलला हाताचा ब्रेक नसतो. पेडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. पण त्यासाठी चाकाच्या आसाजवळची लोखंडी पट्टी एका स्क्रूने सांगाड्याला आवळलेली लागते. स्क्रू नसला तर पट्टी गरकन फिरते आणि ब्रेक लागतच नाही. तीस वर्षांपूर्वी दादाच्या चाकाला तेल घालताना तो स्क्रू काढून मी खिशात टाकला. तेवढ्यात वहिनींनी वरून हाक मारली, "भावजी, चहा निवतोय!" मी गेलो तो गेलोच, स्क्रू खिशातच राहिला. दुसऱ्या दिवशी दादा पुलाच्या उतारावरून थेट नदीत गेला.

लोकांनी विचारलं तेव्हा मी काय बोललो असेन? "दादा ऐकायचाच नाही हो. वाऱ्यासारखी हाणायचा." वहिनींनी ते खरं मानलं. परवापरवापर्यंत त्याचा फोटो पुसताना म्हणायच्या, "यांची घाई नडली." सायकल भंगारात गेली, आणि स्क्रू मी त्याच पुलावरून नदीत फेकला होता. लग्न केलं नाही. वर वहिनी, खाली मी आणि माझं वर्कशॉप, एवढाच संसार.

तर नवा स्क्रू लावला. सकाळी पाहतो तर भोक रिकामं. वाटलं, वय झालं, विसरलो असेन. दुसरा लावला, तोही गायब. तिसऱ्याला मागून नट आवळला, दाराला कुलूप घातलं. सकाळी तोही नव्हता. वर्कशॉपमध्ये नदीच्या गाळाचा वास भरला होता. सायकल स्टँडवर उभी, मागचं चाक गरगर फिरतंय, आणि सीटच्या स्प्रिंगा पार दबलेल्या. पेडल आपोआप अर्धा फेरा मागे गेलं... ब्रेक मारावा तसं. मागचं चाक फिरतच राहिलं...

"दादा," मी म्हणालो, "पुरे की रे आता..."

स्प्रिंगा कुरकुरत वर आल्या. कुणीतरी उतरलं होतं.

मी धडपडत वर गेलो. वहिनींनी टेबलावर तीन कोरे स्क्रू मांडून ठेवले होते. "भावजी, रोज सकाळी माझ्या कपाशेजारी एक असतो. तुम्हीच ठेवता ना? कसले आहेत हे?"

बाई दहा वाजता सायकल न्यायला येणार होत्या. त्यांची नात त्या उतारावर जाणार होती. थाप मारायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. खिसा, चहा, पूल, तीस वर्षांचं खोटं. वहिनी रडल्या नाहीत. मिटलेली मूठ माझ्यासमोर उघडली फक्त.

"मग हा?"

चौथा स्क्रू. गंजलेला, आट्यांत रेती अडकलेली. त्यातून पाणी निथळत होतं.

त्या दिवशी लावलेला स्क्रू टिकला. मी स्वतः सायकल उतारावरून दहा वेळा नेली, दहाही वेळा ब्रेक लागला, तेव्हाच बाईंच्या हवाली केली. नात मजेत आहे.

वहिनी मात्र माझ्याशी बोलत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. सकाळी खालून ऐकू येतं, कपबशी वाजते आणि त्या हलक्या आवाजात म्हणतात, "अहो... चहा निवतोय..."

आणि जिना ओला असतो. खालपासून वरपर्यंत, एकेक पायरी. रोज पुसतो मी. गुडघे राहिले नाहीत, पण करणार काय, वहिनी घसरायला नकोत.