लंकाबाईची वायर

हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. घडलंय ते खरं आहे. सुमनबाई माझी सख्खी मावशी, आणि तिला थापा मारायची सवय नाही.

सन १९७८. सातपूरची कामगार वस्ती. परतीच्या पावसाचे दिवस.

मावशीचा नवरा सावळीराम, नाकावर राग. धाकटा भाऊ केरू वारला आणि त्याची बायको लंकाबाई, त्याच्या रेडिओसकट, यांच्याकडे आली.

छपरावर बांबूला एरियल होतं. त्याची वायर खिडकीतून रेडिओला यायची. गडगडलं की ती रेडिओतून उपसायची आणि खिडकीतल्या दुसऱ्या तारेच्या आकड्यात अडकवायची. ती तार बाहेर जमिनीत पुरलेल्या पाइपाला जायची. वीज पडली तरी मुकाट मातीत जाते म्हणे. लंकाबाई ती माती रोज पाणी घालून ओली ठेवायची.

आभाळ वाजलं की सावळीराम खाटेवरून ओरडायचा, "लंके, तुझ्या नवऱ्याचा रेडिओ हाय. तूच सांभाळ."

ती जायची.

एकदा मावशीनं कपडे वाळवायला दोरी मागितली. सावळीरामनं बाहेरून पाइपाचीच तार कापून दिली. कुठली तार आहे ते मावशीला दिसत होतं.

लंकाबाईला कुणीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दुपारी आभाळ कडाडलं. तिनं वायर उपसली, आकड्यात अडकवली...

तिची बोटं तारेपासून सोडवावी लागली.

"खाणारं एक तोंड कमी झालं," सावळीराम म्हणाला. मग गुपचूप तार परत जोडली.

पुढच्या खेपेला गडगडलं तेव्हा मावशी खिडकीकडे धावली...

वायर आधीच आकड्यात होती. खाली फरशी ओली.

"मेली तरी राबती बघ," सावळीराम हसला. पुढे दर वेळी तसंच व्हायचं. मावशीनं उठणंच सोडलं.

वर्ष उलटलं. परत तेच दिवस. सावळीराम पहिली पाळी करून लोखंडी खाटेवर झोपला होता. ढग गुरगुरले. मावशीनं सहज पाहिलं.

वायर रेडिओत नव्हती.

आकड्यातही नव्हती...

ती सावळीरामच्या पायाच्या अंगठ्याला होती. नीट पीळ देऊन बांधलेली. दारापासून खाटेपर्यंत ओली पावलं.

तो जागा झाला. त्याला हातपाय हलवता येईनात. "सुमे, सोड लवकर."

मावशीनं हात पुढे केला. तेवढ्यात तिच्याच तोंडून शब्द आले...

"भाऊजी, तुमच्या भावाचा रेडिओ हाय. तुम्हीच सांभाळा."

नवऱ्याला कुठली बाई भाऊजी म्हणते?

मग वीज पडली.

मावशी आता माझ्याकडे राहते. माझ्या घरात रेडिओ नाही, एरियल नाही, छपरावर साधा खिळा नाही. काल दुपारी गडगडलं. मावशी झोपली होती. मी पाणी प्यायला उठलो...

दारापासून ओली पावलं आली होती. तिच्या खाटेपासून हातभरावर थांबली होती.

मी ती पुसून टाकली. आजही आभाळ भरून आलंय.

मावशीला मी अजून काही सांगितलेलं नाही.