दुपारी फाटणारा पूल

ओजस्वीच्या धाकट्या भावाचं बारसं झालं, ते साल २०६१. चैत्रातलं रणरणतं ऊन. बारशाचे पेढे घेऊन ती नदीपलीकडच्या आत्याकडे निघाली, तर पुलाच्या तोंडाशी दोर बांधलेला आणि वर पाटी : भेग पडल्याने पूल बंद. पुढच्या महिन्यात पाडणार.

तिची शाळाही पलीकडेच. आणि पूल बांधला होता तिच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी. ते कठड्याला टेकून तणतणत होते.

"माझ्या पुलाला भेग? शक्यच नाही!"

"पाचव्यांदा तेच म्हणताय," खंड्या म्हणाला. खंड्या हा पूल तपासणारा उडता यंत्रमानव. मुठीएवढा, निळा आणि फाटक्या तोंडाचा. "टोकाच्या भिंतीला भेग आहे. भर दुपारी उघडते, रात्री मिटते. रोज."

"पूल काय जांभया देतो का?" ओजस्वी वैतागली.

आबा एकदम थबकले. "दुपारी? म्हणजे ऊन! खंड्या, टोकाची फट बघ."

खंड्या जाऊन आला. "फट कुठाय? सिमेंट भरलंय."

आबांनी कपाळावर हात मारला. "कोणी भरलं?"

"आम्ही!" गणपती मंडळाचे बाजीनाना शिंगाडे अभिमानानं पुढे आले. "फटीत बाप्पाचा गाडा आदळतो, मूर्तीला हिसका बसतो. दरवर्षी माती भरायचो, ती पावसात वाहून जायची. गेल्या खेपेला पक्कं काम केलं. जुन्या पुलाला कुठं होती फट? तुमची चूक झाकली, आबा!"

"चूक?" आबांचा आवाज चढला.

ओजस्वीनं दोघांनाही शेजारच्या चहाच्या टपरीवर ओढलं. तिथं स्टीलचे दोन पेले एकात एक अडकून बसले होते. तिनं बाहेरच्या पेल्यावर गरम पाणी ओतलं. आतला अलगद निघाला.

"बाहेरचा तापून फुगला, नाना. याला प्रसरण (तापल्यावर पसरणे) म्हणतात. पूलही उन्हात फुगतो."

"मग जुना नव्हता फुगत?"

"फुगायचा!" आबा कडाडले. "पण तो दगडी कमानींचा. कमान (धनुष्यासारखा बाक) तापली की तिचा माथा केसभर वर उचलायचा. वर आभाळ मोकळं होतं. महापुरात तो गेला आणि मी सपाट पूल बांधला. सपाट पूल लांबीत वाढतो, म्हणून टोकाला बोटभर फट ठेवली. माती दबायची, पुलाला जागा द्यायची. सिमेंट दबतंय होय? आता पूल भिंतीला ढकलतो आणि भिंत फाटते!"

नाना ओशाळले, पण हटले नाहीत. "मग बाप्पाला हिसके द्यायचे?"

ओजस्वीनं डोक्यातली फणी काढली. "नाना, तुमची द्या."

"टकलाला फणी कशाला लागते, कोण जाणे," खंड्या पुटपुटला.

तिनं दोन्ही फण्यांचे दात एकमेकांत सरकवले. "जवळ आल्या तरी चालतं, लांब गेल्या तरी चालतं. वरून चाक फिरवा, खड्डा लागत नाही."

आबा फण्यांकडे बघत राहिले. "हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं," ते चिडूनच म्हणाले, आणि पेढ्यांचा डबा उघडून पहिला पेढा नानांच्या हातावर ठेवला.

सिमेंट फोडलं, लोखंडी दातेरी पट्ट्या बसवल्या, भिंत सांधली. भेग पुन्हा उघडली नाही. पूल पाडायचा बेत रद्द झाला आणि त्या भाद्रपदात गाडा हिसक्याशिवाय पलीकडे गेला. आबा मात्र रोज दुपारी पुलावर जायचे आणि फटीत शेंगांची टरफलं टाकणाऱ्यांवर ओरडायचे.

ओजस्वी आता चंद्रावरच्या एका दरीसाठी पूल आखते आहे. तिथं ऊन आणि सावली यांत भलताच फरक, त्यामुळं पट्ट्यांचे दात लांब लागणार आहेत.

आबा २०६६ सालच्या वैशाखात वारले. भर दुपारी.