माधवनगर रस्त्यावरचा बर्फ

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातली. सांगलीत तेव्हा बर्फ म्हणजे गोळ्यातला, नाहीतर उसाच्या रसातला. अशा गावात भार्गवी दांडेकर बर्फात खेळायची बाग उभारायला निघाली होती. तीही छपराखाली, माधवनगर रस्त्यावरच्या वडिलांच्या बंद पडलेल्या बेदाण्याच्या शीतगृहात!

"आणि काल रात्रीत नमुन्याची अख्खी खोली वितळली," ती सांगत होती.

समोर साताऱ्याच्या पद्माताई पाठक उभ्या होत्या. खासगी तपासात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सोबत एसटीतून निवृत्त झालेले लालासाहेब, नेहमीप्रमाणे वही घेऊन. दर खेपेला चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा त्यांचा नेम कधी चुकला नव्हता.

"उद्या दहाला बँकेचे साहेब येणार. आज पुन्हा बर्फ पाडता येईल, पण तोच हात पुन्हा फिरला तर? कर्ज गेलं की इमारतही गेली, ताई. काका विकायला टपलेलेच आहेत."

खोलीत घोटाभर चिखलासारखा बर्फ होता. दिवा लख्ख जळत होता, यंत्र घरघरत होतं. थंडी सोडणाऱ्या नळ्यांवर मात्र हिमाचा दगड साचला होता. वीतभर जाडीच्या दाराचं कुलूप शाबूत. पद्माताईंनी उंबऱ्यावरचा एक थेंब बोटाने पुसला, हुंगला. रॉकेल! मग त्या मीटरपाशी गेल्या. आकडे रोजच्या दीडपट पळाले होते.

"किल्ल्या कोणाकडे?"

"काका, यंत्रं बसवणारा अवधूत आणि राखणदार हरिबा. पण मला ठाऊक आहे कोण ते!" भार्गवीने अंदाजपत्रक पुढे टाकलं. एका कलमावर लाल पेन्सिलीची रेघ होती. "ताज्या हवेचा पंखा आणि दारापुढे दुसऱ्या दाराची खोली, साडेतीन लाख. अवधूतने फुगवलेलं कलम. मी उडवलं, तो तणतणत गेला. संध्याकाळी पोलिसांत जाणार आहे मी."

"पाचपर्यंत थांब," पद्माताई म्हणाल्या.

काका विष्णुपंत ओसरीवर सुपारी कातरत होते. "विक म्हणतो ते तोंडावर म्हणतो. माझी किल्ली देवापुढच्या डबीत आहे. आणि त्या गारठ्यात माझे गुडघे मला पाऊल टाकू देत नाहीत!"

अवधूत घुश्शातच होता. "मला बर्फ वितळवायचा असता, तर एक बटण दाबून घरी झोपलो असतो की!"

लालासाहेबांनी वहीत लिहिलं, 'उद्धट. हाच.'

हरिबाची खोली फाटकाशी होती. खुंटीला कंदील आणि त्याच्या कडीला गुंडाळलेला लांब काथ्याचा दोर.

"रात्री कोणी आलं होतं?"

"परकं माणूस न्हाई आलं, बाईसाहेब. देवाशपथ."

"आधी कुठं होता?"

"हरिपुरात, हळदीच्या पेवांवर. जमिनीतली कोठारं ती, लय खोल. तीस वरसं काढली." मग त्याने हळूच विचारलं, "उद्या किती माणसं आत जाणार वो?"

"सहा."

हरिबाने मान खाली घातली.

पाच वाजता पद्माताईंनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"यंत्र बंद पडलं नव्हतं. उलट मीटर पळाला, नळ्यांवर हिम चढलं. म्हणजे बाहेरची दमट हवा तासन्‌तास आत येत होती. यंत्र चालू आणि दार सताड उघडं! अवधूतने असं का करावं? त्याला बटण ठाऊक आहे. हे करणाऱ्याला गारव्याची जाण नाही, पण बंद खोलीची आहे."

"बंद खोलीची?" लालासाहेबांनी डोळे मिचकावले.

"आत विजेचा दिवा असताना उंबऱ्यावर रॉकेल कशाला सांडेल? दोर बांधलेला कंदील उजेडासाठी नसतो, लालासाहेब. पेव उघडलं की आधी वारं खाऊ देतात, मग कंदील सोडून बघतात. विझला तर आतली हवा वाईट, माणूस उतरत नाही. हरिबा, तुम्ही खोटं बोलला नाहीत. परकं माणूस आलंच नव्हतं."

हरिबा उठून उभा राहिला. "माझा धाकटा भाव, अर्जुना. मुकादमानं घाई केली, वारं न देताच उतरवला. त्यो वर आलाच न्हाई, बाईसाहेब. ह्या खोलीला एक भोक न्हाई अन् सा माणसं आत घालणार! म्हनून दार रातभर उघडं टाकलं. पहाटं कंदील धरला, जळत ऱ्हायला. मग खाली पानी दिसलं, अन् तोंडच शिवलं."



"हरिबा चुकले," पद्माताई म्हणाल्या. "सहा माणसांना घटकाभर काही होत नाही. पण बागेत एका वेळी शंभर पोरं, तासभर. मग काय अवधूत?"

"तेच तर लिहिलं होतं मी!"

भार्गवीने अंदाजपत्रक ओढलं. खोडलेलं कलम पेनाने पुन्हा लिहिलं आणि वरच्या ओळीवर रेघ मारली. "पांढऱ्या अस्वलांचे पुतळे चार नकोत. एकच पुरे."

त्या रात्री दार बंद राहिलं. दाराशी हरिबाच बसला होता. सकाळी साहेबांनी बर्फ मुठीत घेतला आणि विचारलं, "ताज्या हवेचं काय?" भार्गवीने ते कलम दाखवलं.

कर्ज मिळालं. पुढच्या दिवाळीत बाग उघडली आणि नऊ वर्षं चालली. अवधूतने मिरजेत स्वतःचा कारखाना काढला, पण भार्गवीचं काम आधी करायचा. विष्णुपंत गुडघे विसरून दर रविवारी स्वेटर घालून घसरगुंडीपाशी बसायचे. लालासाहेबांच्या वहीत त्या पानावर खाडाखोड आहे, ती मी पाहिली आहे. पद्माताई परवापरवापर्यंत होत्या.

हरिबा शेवटपर्यंत दाराशी राहिला. पंख्याचं बटण रोज तोच दाबायचा. पण पोरांना आत सोडण्याआधी कंदील धरून बघायचा आणि ज्योत सरळ दिसली की म्हणायचा, "जावा रं."

त्याला कोणी कधी हसलं नाही.