तळ्याकाठी रुसलेली पिकअप

ताईंना बी हवं होतं. एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप!

खिंडीपलीकडच्या तळ्याकाठी एक निळं फूल उगवायचं. खालच्या डोंगरांवरून ते केव्हाच नाहीसं झालेलं. ताई झाडाझुडपांच्या अभ्यासक, आणि ते फूल पुन्हा खाली रुजवायचं वेड त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण त्याचं बी पिकतं अगदी बर्फाच्या तोंडावर, आणि पिकलं की लगेच वाऱ्यावर उधळून जातं. याआधी दोनदा ताई उशिरा पोचल्या आणि रिकामी बोंडं घेऊन परतल्या. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी बजावून ठेवलं होतं, की पुढच्या वर्षी आम्हाला धरू नका. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता, फ्रिज दुरुस्त करणारा. आणि नवरा, म्हणजे या भावाचे दाजी; भाऊ त्यांचा मेहुणा. जन्मभर शाळेची बस चालवून आता निवृत्त झालेले. चौथी होती दाजींची जुनी डिझेल पिकअप. मागच्या हौद्यावर ताडपत्रीचं छप्पर, आत तिघांची अंथरुणं. या गाडीला कुणी नावं ठेवलेली दाजींना मुळीच खपत नसे.

पण गाडीने यंदा नाक कापायचं ठरवलं होतं. दिवसभर गुणी बाळासारखी पळायची. चहाला थांबा, जेवायला थांबा, किल्ली फिरवली की चालू! सकाळी मात्र गारठलेली असली की नुसती घुरघुर. घुर्र... घुर्र... घुर्र... आणि खूप मिनतवाऱ्या केल्यावर पांढऱ्या धुराचा लोट सोडून एकदाची उठायची.

"थंडी बाधते हिला," मेहुण्याने निदान केलं.

"तुला सगळीकडे थंडीच दिसणार! फ्रिजवाला ना तू!" दाजी फणकारले.

तरी उपाय सगळे थंडीवरचेच झाले. इंजिन तापवणारे प्लग प्रवासाला निघण्याआधीच नवे घातले होते. आता रात्री बॅटरी काढून दाजी ती पांघरुणात घेऊन झोपू लागले. सकाळी इंजिनखाली निखाऱ्यांची पाटी. मेहुण्याने बॉनेटवर स्वतःची रजाई घातली आणि रात्रभर कुडकुडला. गाडी ढिम्म!

अशातच त्यांनी नदी ओलांडली. पाणी दारापर्यंत चढलं, मधोमध गाडी तिरकी झाली, ताई ओरडल्या, "अहो, उजवीकडे!" आणि दाजींनी दात-ओठ खात ती काठावर काढली. पलीकडे अरुंद कडा, वळवायला जागा नाही, म्हणून तिथेच उतारावर मुक्काम ठोकला. दुसऱ्या दिवशी खिंड चढून ते तळ्याशी पोचले.

आणि बोंडं भरलेली होती! ताई गुडघे विसरून खाली बसल्या. एकेक बोंड हलक्या हाताने फोडत त्यांनी काळं, बारीक बी काचेच्या बरणीत भरलं. "मिळालं हो!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. दाजींना वाटलं, गाडीने इथवर आणलं, आता तिचे सगळे गुन्हे माफ.

सकाळी ढग खिंडीवर उतरले होते. भुरभुर बर्फ सुरू झालं. खिंड बंद झाली की ती थेट उन्हाळ्यात उघडणार!

दाजींनी किल्ली फिरवली. घुर्र... घुर्र... पुन्हा. पुन्हा! घुरघुर मंदावत गेली.

"दाजी, आता सोडा हिला," मेहुणा हळूच म्हणाला. "बी घेऊन चालत निघू."

"तुझ्या ताईच्या गुडघ्यांनी? या बर्फात?"

मग ताईच वैतागून म्हणाल्या, "नदीकाठी तर बादलीतलं पाणी गोठलं होतं. तिथे बरी एका झटक्यात चालू झाली! मी मात्र रात्रभर तळमळले. डोकं खाली, पाय वर, आणि वर डिझेलचा वास!"

दाजींचा हात किल्लीवरच थबकला.

"काय म्हणालीस? डोकं खाली?"

ताईंना उशाशी उंच लागायचं. उशा कायम केबिनच्या बाजूला. म्हणून दाजी रोज संध्याकाळी, न चुकता, गाडीचं तोंड चढाला करून लावायचे. एवढी लाडाची सवय! फक्त नदीकाठी तोंड उताराला राहिलं होतं.

"अरे, थंडी नाही! चढ!" दाजी उडी मारून उतरले. "टाकी मागे. तोंड वर असलं की रात्रीत डिझेल माघारी उतरतं आणि नळीत हवा भरते. कुठेतरी फट आहे!"

बॉनेट उघडलं. फिल्टरपाशी रबरी नळीला केसाएवढी चीर! मेहुण्याने आपल्या पेटीतली चिकटपट्टी तिच्यावर करकचून गुंडाळली. दाजी फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबत राहिले. आधी पोकळ लागला, मग जड झाला, मग दगडासारखा घट्ट. डिझेल आलं!

किल्ली फिरवली. टक्! बॅटरीने मान टाकली.

मागे उतार, आणि उताराच्या टोकाला तळं. एकच मार्ग उरला होता. गाडी मागे घसरू द्यायची आणि रिव्हर्समध्ये इंजिन पकडायचं. पकडलं नाही, तर ब्रेक. बर्फात ब्रेक लागलाच नाही, तर तळं!

"अहो, राहू द्या! बी महत्त्वाचं, पण तुमच्यापुढे नाही!" ताई दाराला धरून म्हणाल्या.

"तू फक्त बरणी सांभाळ."

हँडब्रेक सुटला. गाडी हलली. वेग आला. मेहुणा बाजूने धावत ओरडला, "आता! दाजी, आता!" दाजींनी क्लच सोडला. हिसका! चाकं फरफटली. एक खोकला. दुसरा. तळं जवळ आलं! आणि मग धडधड, धडधड, धडधड! क्लच! ब्रेक! गाडी तिरकी होऊन थांबली, तेव्हा मागचं एक चाक पाण्यात होतं.

मेहुण्याने आनंदाने बॉनेटवर थापा मारल्या. ताईंनी दाजींना पोटभर रागे भरलं आणि मग त्यांचा हात धरून ठेवला.

खिंड त्यांनी समोरचं जेमतेम दिसत असताना पार केली. मागे वळून पाहिलं, तर वाट पांढरी होऊन पुसली गेली होती. संध्याकाळी खालच्या रानात ते थांबले. चिकटपट्टीचा काही भरवसा नव्हता, म्हणून दाजींनी गाडी उताराला तोंड करून लावली आणि अपराध्यासारखे म्हणाले, "आज तुझं डोकं खाली येईल गं. इलाज नाही."

ताईंनी एकवार गाडीकडे पाहिलं, एकवार नवऱ्याकडे.

"अहो, मग उशा मागच्या फळीकडे करा की!"

मेहुणा हसता हसता जमिनीवर बसला. बॅटरी कुशीत, निखारे, रजाई, एवढं सगळं सुचलं, आणि उशी फिरवायचं कुणाला सुचलं नव्हतं!

त्या रात्री ताई बरणी उशाशी घेऊन गाढ झोपल्या. आणि सकाळी, कडाक्याच्या थंडीत, दाजींनी किल्ली नुसती फिरवली मात्र, गाडी चालू!